पाय मागणारी जेठीमावशी

घोड्याच्या मागच्या पायाशी माणसाने बसू नये, एवढं शहाणपण आमच्या घाटावर शेंबड्या पोरालाही असतं. जेठीमावशी नेमकी तिथेच बसायची. उकिडवी, पदर कमरेला घट्ट खोचून, डोकं घोड्याच्या पोटापासून वीतभर अंतरावर, आणि हातात शिंप्याकडे असते तशी लांब कात्री. आणि बसल्या बसल्या गायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाई एक तर वेडी आहे नाही तर प्यायलेली. ती दोन्ही नव्हती. त्या दिवशी त्या वाडीत शहाणं माणूस एकच होतं, आणि ते खाली बसलेलं होतं.

मी तेव्हा डहाणू तालुक्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून नवीन लागलो होतो. लोक मला ढोरडागदर म्हणत. मी दुरुस्ती करायचो, "अहो, डॉक्टर नाही, पर्यवेक्षक." त्यावर ते "बरं डागदर" म्हणून मान डोलवत. गाईबैल, शेळ्या, कोंबड्या यांच्यावर माझा हात बसलेला होता. घोड्यांना मात्र मी घाबरायचो. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सरकारी माणसाने कशाला घाबरतो ते सांगायचं नसतं.

गंजाडच्या अंगाला एका चिकूच्या वाडीत एक तांबडा घोडा होता. पावसाळाभर चिखलात उभं राहून त्याच्या पायांना चिखल्या झाल्या होत्या. खुरांच्या वर, केसांच्या आड कातडी सडून पू धरलेला. औषध लावायचं तर आधी तिथले केस भादरायला हवेत, आणि हा पठ्ठ्या पायाला हात लावू देत नव्हता. मी पुस्तकात वाचलं होतं तसं केलं. काठीला दोरीचा फास करून तो घोड्याच्या वरच्या ओठाला पिळला, तीन गडी लावले आणि पाय दोराने वर ओढला. पुढच्या मिनिटाला एक गडी केळीच्या खड्ड्यात होता, काठी गोठ्याच्या छपरावर होती आणि मी माझ्या हुद्द्याला न शोभणाऱ्या वेगाने चिकूच्या झाडामागे पोचलो होतो.

वाडीच्या मालकिणीने कुणाला तरी पाड्यावर धाडलं. तासाभराने जेठीमावशी चालत आली. पन्नाशीची, काळीसावळी, सडसडीत, गुडघ्यावर नेसलेलं लुगडं, पायात काही नाही. तिने आधी गड्यांना हाकललं, मग घोड्याच्या ओठाला अडकून राहिलेली फासाची दोरी सोडवली, आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"पाय ओढला काय?"

"हो. देत नव्हता तो."

"तुमचा पाय कोणी ओढला त तुम्ही द्याल?" ती म्हणाली. "पाय मागायचा असतो, सायेब. ओढायचा नाय."

तिने डाव्या हाताची पाठ घोड्याच्या मानेशी टेकवली. तळवा नव्हे, पाठ. थोड्या वेळाने हात सावकाश फिरवून तळवा टेकला आणि गाणं धरलं. हात पाठीवरून पुठ्ठ्यावर, पुठ्ठ्यावरून मांडीवर, मांडीवरून खाली नडगीवर असा गाण्याच्या चालीनं उतरत गेला. गुडघ्यामागे पोचल्यावर ती थांबली, गात राहिली, आणि त्या तांबड्या राक्षसाने आपण होऊन पाय उचलला. उजव्या हाताची कात्री चालू झाली. डावा हात त्या अर्ध्या तासात एकदाही अंगावरून निघाला नाही.

नंतर मी विचारलं, तर म्हणाली, "हात उचलायचा नाय. हात उचलला की त्याला कळत नाय आपून कठं हाय. मग तो शोधतो. आन् घोडा पायानं शोधतो."

हे शेवटचं वाक्य ती फार साधेपणाने बोलली होती. तिला हे कुठून ठाऊक असेल, ते मला कळेना. उत्तर मला वाडीच्या मालकिणीनेच त्या संध्याकाळी दिलं. मावशीचा नवरा त्याच वाडीत घोड्यांची निगा राखायचा. चांगला माणूस, पण मुखदुर्बळ. कामात तोंडातून शब्द निघायचा नाही. एकदा घोड्याचे पाय भादरताना कात्रीची धार पाहायला म्हणून त्याने हात उचलला. पोटात लाथ बसली. बाहेरून ओरखडासुद्धा नव्हता. उठला, जेवला, घरी चालत गेला, आणि तिसऱ्या दिवशी गेला. तेरावं झाल्यावर मावशी वाडीत आली आणि म्हणाली, त्याची कात्री द्या.

लाथ मारणाऱ्या त्या घोड्याचे उरलेले पाय तिनेच पुरे केले म्हणतात. मी तिला कधी विचारलं नाही. एकदा बोलता बोलता एवढंच म्हणाली, "घोड्याची चूक नाय. ह्यो मुका होता कामात."

म्हणून ती गात असे. आणि गाणी तिच्यापाशी होतीच. नवरा होता तोवर ती धवलेरी होती. पाड्यावरची लग्नं तिच्या गाण्याशिवाय लागत नसत. नवरा गेल्यावर तिने मांडवात गाणं सोडलं. कुणी नको म्हटलं नव्हतं, तिलाच नको झालं. मग ती लग्नाची गाणी तिने घोड्यांना दिली. एका पायाला एक गाणं. त्यात नवरी सासरी येते आणि एकामागून एक सात दारं ओलांडते.

उचल गं पाय, उंबरा हाय,
आंत तुजी सासू, बाहेर तुजी माय.

असं प्रत्येक दाराशी. सातवं दार ओलांडलं की गाणं पुरं, पाय पुरा. मध्ये थांबायचं नाही, हा तिचा नियम. "नवरीला उंबऱ्यावर उभी ठेवून कोणी घरी जातं काय?" आणि गाणं चालू असताना दुसऱ्या कुणी बोलायचंही नाही. एकदा माझा मोबाइल वाजला तर तिने माझ्याकडे असं पाहिलं, तसं माझ्या साहेबांनीही कधी पाहिलं नव्हतं. तेव्हापासून तिच्या कामावर जाताना मी फोन गाडीच्या डिकीत ठेवायचो.

पाय पुरा होईस्तोवर ती चहाला शिवत नसे. कापलेले केस एकूण एक वेचून पदरात बांधायची आणि घरामागच्या करंजाच्या फांदीवर अडकवायची. केस वाटेवर पडले तर येणारंजाणारं जनावर बुजतं, असं तिचं म्हणणं. पाखरं ते केस घरट्याला न्यायची. मी थट्टेत म्हटलं, "मावशी, तुझ्या झाडावरची पाखरं खिंकाळत असतील." ती खूप हसली. हसताना तोंडावर हात धरायची, नव्या नवरीसारखी.

पण तिच्याबरोबर हिंडताना मला सुखाचं असं कधी वाटलं नाही. तिला काहीतरी आधी कळायचं. वाणगावला एकाने समुद्रावर फिरवायला म्हणून देखणा काळा घोडा आणला होता. गरीब गाय. मान खाली, कुणीही कुठेही हात लावावा. मालक कौतुकाने आम्हाला दाखवत होता. मावशीने मांडीवर हात ठेवला, गाण्याची एक ओळ म्हटली, आणि हात काढून सरळ फाटकाबाहेर निघाली. मी मागे धावलो.

"अगं, काय झालं?"

"ह्यो ऐकत नाय. ऐकतो असं दाखवतो. याच्यावर कोणाला बसवू नका बोला."

मी सांगितलं. मालक हसला. महिन्याभराने तो मांडीत सळई घालून खाटेवर पडला होता, आणि पडला त्या दिवशी घोड्याने नेमकं काय केलं ते त्याला सांगताही येत नव्हतं. मी मावशीला म्हटलं, तुला कसं कळतं? तिने तळवा दाखवला. "कातडी आधी बोलते. लाथ मंग येते. मधी एवढासा येळ असतो," तिने चिमटीत दाखवला, "तेवढ्यात आपून सरकायचं."

म्हणजे तिचं सगळं त्या डाव्या तळव्यात होतं. हे मला कळलं, आणि त्यानंतर दोनेक वर्षांनी दुसरंही कळलं.

तिच्या घरी बसलो होतो. मुलगा उंबरगावला कंपनीत, सून शेतावर. मावशीने मला कोरा चहा ठेवला आणि माझ्याशी बोलता बोलता चुलीवरचं पातेलं डाव्या हाताने, फडकं न घेता, उचललं. मला आधी वास आला. ती बोलतच होती, भाताला यंदा कसा रोग पडलाय ते. गाळून झालं, पातेलं खाली ठेवलं.

"मावशी, हात!"

तिने तळवा पाहिला. कातडी पांढरी पडून फुगत होती. ती त्याच्याकडे दुसऱ्या कुणाचा हात पाहावा तशी पाहत राहिली.

मी तिला आरोग्य केंद्रात नेलं. साखर निघाली, तीही जुनी. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, बोटांची जाणीव गेली ती परत यायची नाही. बाहेर येऊन ती बाकावर बसली. मग म्हणाली, "कोणाला बोलू नका."

"अगं, उद्या घोड्यापाशी बसशील आणि..."

"माझ्या पोऱ्याला कळलं त तो मला घरात बसवंल. मंग मी कोणाला गाऊ, सायेब?"

तिने माझा हात धरला होता. तिला माझा हात जाणवत नसणार हे माझ्या ध्यानात आलं. मी नाही बोलणार म्हणालो. आजही कधी वाटतं, त्याच संध्याकाळी तिच्या मुलाला फोन करायला हवा होता. घरात बसून, गाण्यावाचून, ती कुढत गेली असती. पण गेली असती आपल्या वेळेने.

त्यानंतर तिने काम करायची रीत बदलली. तळव्याऐवजी गाल. डावा गाल घोड्याच्या मांडीला टेकवून ती गायची आणि कात्री चालवायची. मालक लोक म्हणत, बघा, मावशीचा केवढा जीव! मी एका बाजूला उभा राहून घामाघूम व्हायचो. तिला माझी भीती पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. "तुमच्या तळव्याला घाम येतो सायेब," असं ती चिडवायची, "घोड्याला लगेच वास येतो." ती असं म्हणाली की मी तळवे पँटीला पुसायचो आणि ती तोंडावर हात धरून हसायची.

आता शेवंतीचं सांगतो. जे सांगायचं टाळत मी इथवर आलो ते हेच.

शेवंती ही डहाणू रोडच्या हसमुखभाईंची पांढरी घोडी. वरातीची. बँडसमोर, फटाक्यांत, नाचणाऱ्या मंडळींत ती संगमरवराची असल्यासारखी उभी राही. पाय मात्र तिचे कुणाच्या बापाचे नव्हते. त्या वर्षी पाऊस दसऱ्यापर्यंत रेंगाळला आणि तिचे चारी पाय सडले. हसमुखभाईंनी मोबाइलवर बघून केस कापायचं बॅटरीचं मशीन मागवलं. त्याची घरघर ऐकून तिने तबेल्याचा दरवाजा बिजागरीसकट उखडला. त्याआधी एका खाजगी डॉक्टरने गुंगीचं इंजेक्शन दिलं होतं, तर भिंतीवर कोसळून तिने कंबर सोलून घेतली होती. इंजेक्शनचं नावही काढायचं नाही, असं हसमुखभाईंनी मला बजावलं.

"साहेब, तुळशीचं लग्न झालं की सीझन चालू," ते म्हणाले. "हिचे पाय असेच राहिले तर मी हिला काढून टाकणार. मग कोण नेतो, कुठे नेतो, मला नका विचारू."

मी मावशीला सांगायला गेलो, ते सांगू की नको करतच. तिने ऐकलं आणि कात्रीला धार लावायला बसली. "लग्नाची घोडी हाय," एवढंच म्हणाली.

सकाळी नऊचा सुमार. तबेला स्टेशनकडच्या एका लॉजच्या मागे, तीन बाजूंनी भिंत. जमीन अजून ओली, माश्या घोंगावत होत्या. हसमुखभाईंनी मोहरकी धरली. शेवंतीचा एक कान पुढे होता आणि एक सतत मागे, मावशी जाईल तिकडे वळणारा. मला ते आवडलं नाही. मावशीलाही आवडलं नसावं, कारण नेहमीपेक्षा दुप्पट वेळ ती नुसती हाताची पाठ टेकवून उभी होती.

पुढचे दोन पाय झाले. मागचा उजवा झाला. प्रत्येक वेळी नवरी सातव्या दारातून आत गेली आणि शेवंतीने पाय खाली ठेवला. राहिला मागचा डावा. तोच सगळ्यात जास्त सडलेला. मावशीने गाल टेकवला तशी घोडीने पुठ्ठा असा झटकला की मावशी भिंतीपर्यंत गेली. उठली, पदर खोचला, आणि माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "गाल लावला त ही डोकं फोडंल. सायेब, तुमचा हात द्या."

"माझा?"

"मला कळत नाय ना आता. तुम्हाला कळंल. एक हात हिच्या मांडीवर, एक माझ्या खांद्यावर. कातडी बोलली की मला दाबा. मी सरकते." आणि शेवटी, "पन हात उचलू नका."

नाही म्हणायला हवं होतं. पण मला त्या क्षणी काय वाटलं, खरं सांगतो: मोठेपण वाटलं. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा माझ्याकडे काहीतरी मागत होती. मी तळवे पँटीला पुसले. ती या वेळी हसली नाही.

ती बसली. मी तिच्यामागे वाकून उभा. डावा हात शेवंतीच्या मांडीवर, उजवा मावशीच्या खांद्यावर. गाणं सुरू झालं. पहिलं दार, दुसरं. पाय वर आला, कात्री चालू झाली. पू आणि केस खाली पडत होते. तिसरं, चौथं. माझ्या तळव्याखाली गरम कातडी होती, तिच्या आत कुठेतरी संथ ठोके, आणि दुसऱ्या हाताखाली मावशीचं गाणं, हाडातून येणारं. मला वाटायला लागलं की आता जमतंय.

पाचव्या दाराशी कातडी बोलली.

झाकणाखाली पाणी उकळायच्या आधी पातेलं थरथरतं, तसं. स्पष्ट. शंकेला जागाच नव्हती. एवढासा वेळ असतो, तो मला मिळाला होता. खांदा दाबायचा, एवढंच काम. आणि माझे दोन्ही हात उचलले गेले. मांडीवरचा आणि तिच्या खांद्यावरचाही. मी दोन पावलं मागे होतो, भिंतीला टेकून, आणि मी मागे कधी आलो ते मला समजलं नव्हतं.

भरलं पोतं टाकल्यासारखा आवाज झाला. गाणं तुटलं. एक श्वासभर. मावशी जमिनीवर एका कुशीला टेकली होती, आणि शेवंती पाय आपटत कुणाला तरी शोधत होती. मग मावशीने तो जाणीव नसलेला डावा हात वर केला, पाठीकडून, घोडीच्या नडगीला टेकवला, आणि पाचवं दार पुन्हा पहिल्यापासून धरलं.

उचल गं पाय, उंबरा हाय.

शेवंतीने पाय दिला. सहावं दार झालं. सातवं झालं. मी भिंतीपाशीच होतो. गाणं चालू आहे म्हणजे तिला लागलेलं नाही, असं मी मनाशी म्हणत होतो. शेवटच्या दोन ओळींना तिचा दम पुरला नाही, तेही मी ऐकलं. ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"लागलं का?" मी विचारलं.

"घासून गेली."

"दवाखान्यात दाखवू या. चल, गाडी आहे."

"कशाला? केस टांगायचे हायत. घोडीच्या पायाला औषध लावा तुम्ही, आता देईल ती." मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "सायेब, घोडीची चूक नाय हां."

कोणाची आहे ते ती बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिच्या मुलाचा फोन आला. मावशीने घरी पाय घसरला असं सांगितलं होतं. रात्री पोट फुगलं, सकाळी गाडी मिळेपर्यंत उशीर झाला. मी मातीला गेलो. मुलाला खरं सांगायचं ठरवून गेलो होतो. तो माझ्या गळ्यात पडून म्हणाला, "आये तुमचं नाव लय काढायची," आणि मी नुसती त्याची पाठ थोपटली. घरामागे करंजावर पांढऱ्या केसांचा पुंजका अडकवलेला होता. म्हणजे तेवढं तिने केलं होतं.

शेवंती बरी झाली. हसमुखभाईंनी तिला विकलं नाही. तुळशीच्या लग्नानंतर मी तिला एका वरातीत पाहिलं; गळ्यात गोंडे, चारी पायांत घुंगरू. ते बांधायला कुणीतरी तिच्या पायांशी बसलं असणार. मी रस्ता बदलून गेलो. मुलाला मी अजून सांगितलेलं नाही. हे त्याने वाचलं तर बरं, असं वाटतं, आणि वाचू नये असंही.

पण मावशी म्हटलं की मला ना ती लाथ आठवते, ना तिची माती. त्या दिवशी शेवंतीचे पाय झाल्यावर चहा पिऊन ती निघाली ते आठवतं. तबेल्याच्या फाटकातून गंजाडकडे जाणारी इको गाडी थांबलेली दिसत होती. ती रस्त्याकडे चालत गेली, नेहमीसारखी अनवाणी, फक्त जरा सावकाश. पदरात बांधलेलं केसांचं गाठोडं तिने एका बगलेतून दुसऱ्या बगलेत घेतलं आणि मोकळा झालेला हात कुशीवर दाबून धरला. गाडीत चढण्याआधी मागे वळली. मी अजून तिथेच उभा आहे का, ते पाहत असावी. मग कुशीवरचा हात काढून तिने वर केला.

मीही माझा हात उचलला.